तळ

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर, मंगळवारी,
बाराशे ग्रॅमचं एक बाळ माझ्या हाताखाली येतं.
नाव अजून ठेवलेलं नाही. पायाच्या पट्टीवर एवढंच:
सुलक्षणा डवरी यांचं, मुक्काम गारगोटी.
पापण्या उघड्या धरायला तारेचा चिमटा,
तोंडात साखरपाण्याचा बोळा,
आणि माझ्या कपाळावरचा दिवा
त्याच्या बाहुलीतून आत उतरतो, मागच्या पडद्यापर्यंत,
जिथं रक्तवाहिन्या अजून वाटेत आहेत.

वाट म्हणजे काय, तर कुणीतरी आधी अंथरून ठेवलेलं.
लॅमिनिन, तीन आखूड हात आणि एक लांब,
हातात हात अडकवून पसरलेलं;
चौथ्या जातीचं कोलॅजेन, जाळी घालत बसलेलं;
आणि वाहिन्यांच्या पुढं पुढं फायब्रोनेक्टिन,
लग्नघरी आधी पोचून सतरंजी टाकणाऱ्या पोरांसारखं.
पेशी एक पाय त्या अंथरुणावर रोवतात
आणि अंधारात ताठ उभ्या राहतात,
आत कुठलं, बाहेर कुठलं, हे त्यांना पायातून कळतं.
पाय सुटला की थर मोडतो.
पेशी सांडतात डोळ्यातल्या पाकात,
सुपातून निसटलेल्या तांदळासारख्या.
मी स्लाइडवर पाहिलंय. एकदाच. पुरे झालं.

आणि हे अंथरूण पडद्यानं स्वतः विणलेलं नसतंच.
बराचसा माल शेजारून येतो, भिंगाकडून,
आणि जन्माच्या आधीच शेजारी दुकान जवळपास आवरतो.
मग माणूस ऐंशी वर्षं जगला तरी
त्याच तळावर.

माझा आज्जा बाळाप्पा सातपुते, सुभाषनगरात
बाभळीच्या सालीच्या पाण्यात हात घालून म्हातारा झाला.
कोपरापर्यंत तांबूस, पुढं माणसाच्या रंगाचा.
दगडावर तळ बडवायचा, वादीनंच शिवायचा,
दोरा घेणाऱ्याला मनापासून शिव्या द्यायचा.
म्हणायचा, चपलेला कान असतोय, अंगठा असतोय, वेणी असती,
डोळा तेवढा द्यायचा राहिलाय देवाकडनं.
मी पहिल्या वर्षाला होते, नवं शिकलेलं उतू जात होतं.
आज्जा, तुझं कातडं म्हणजे कोलॅजेन. डोळ्यातबी तेच.
म्हणजे अगदी तेच न्हाई. भावकी.
त्यानं रापी थांबवली नाही.
"मग वास येतोय का डोळ्याला?"

मिरजेच्या वसतिगृहात माझ्या पिशवीला यायचा.
मी पिशवी बदलली होती.
हे त्याला सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलंही नव्हतं,
तरी तो त्या दिवशी जरा जास्त वेळ हसला.

शेवटची चार वर्षं तो बोटांनी टाके मोजायचा.
आम्ही समजायचो, सवयीनं.
काचबिंदू कळला तेव्हा उरला होता
पेन्सिलीच्या टोकाएवढा उजेड,
आणि मी परीक्षेला बसले होते, नेत्ररोगाच्याच.
त्यानं जुळवलेला शेवटचा जोड अजून आहे माझ्याकडे.
डावा नि उजवा सारखे नाहीत.
घालत नाही. टाकवतही नाही.

चिमटा काढते. बाळ रडतं, आवाज मांजराच्या पिलाएवढा.
वाहिन्या मधल्या पट्ट्यात थबकल्यात,
पुढं एक बोटभर राखाडी माळरान,
कडेला पांढरी रेघ नाही. अजून तरी नाही.
कागदावर हे सगळं दोन अक्षरांत आणि एका आकड्यात मावतं.

सुलक्षणा दाराशी उभी. रात्रभर झोपलेली नाही.
"दिसंल न्हवं त्याला, मॅडम?"
या प्रश्नाला आमच्याकडे छापील उत्तर आहे,
शक्यता, टक्केवारी, पाठपुरावा.
माझ्या तोंडून गेलं, "तळ चांगला बसलाय."

तिनं खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे.
चपला बाहेर काढाव्या लागतात इथं.
फरशी गार होती, तिनं बोटं आत ओढून घेतली.

मी पुढची तारीख लिहिली.
मंगळवार. सकाळी नऊच्या आत. बाळाला दूध पाजून आणू नये.